सातबारा शाबूत, हक्क उणा

कारखान्यांच्या भट्ट्यांस आणि घरोघरच्या चुलींस इंधन पुरवावयाचे, तर तेलाच्या व वायूच्या वाहिन्या कोणाच्या तरी शेतातून गेल्याच पाहिजेत, हे कोणाही समंजस माणसास मान्य व्हावे. तक्रार आहे ती, सरकार शेतकऱ्याकडून जे घेते त्याची किंमत ज्या रीतीने ठरविते, तिच्याविषयी.

1962 साली संमत झालेल्या आणि 1977 च्या दुरुस्तीने खनिजांच्या वाहिन्यांसही लागू झालेल्या कायद्यान्वये सरकार जमिनीची मालकी घेत नाही, तिच्या पोटातून वाहिनी नेण्याचा केवळ ‘वापरहक्क’ घेते. सातबाऱ्यावरचे नाव कायम राहते, माती लोटली की पूर्वीचे पीक पेरता येते, आणि म्हणून मोबदला ठरतो तो अधिसूचनेच्या दिवशीच्या बाजारभावाच्या 10 टक्के; झालेल्या नुकसानीची भरपाई निराळी. परंतु त्याच कायद्याचे नववे कलम त्या पट्ट्यात इमारत बांधू देत नाही, विहीर वा तळे खोदू देत नाही, झाडही लावू देत नाही. दाभोळहून बंगळुरूस जाणारी वायुवाहिनी ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून निघते, तेथे झाड लावावयाचे नाही म्हणजे आंब्या-काजूची आशा सोडावयाची. आणि कोरडवाहू मुलखात विहीर खोदावयाची नाही म्हणजे जिराईत जमिनीने बागाईत होण्याचे स्वप्नही पाहावयाचे नाही. जमिनीचा वर्तमानकाळ मालकाकडे ठेवून तिचा भविष्यकाळ तेवढा काढून घेणारा हा व्यवहार आहे. त्यास हरकत घेण्याची मुदत 21 दिवसांची, बंधनास मात्र मुदतच नाही.

2013 च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांची चौकशी आणली खरी, परंतु वाहिन्यांचा हा कायदा चौथ्या परिशिष्टात घालून तिच्यापासून अलग ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली 10 टक्क्यांची तरतूद वैध ठरविली, हा निर्णय शिरोधार्य आहे. तथापि एखादी तरतूद घटनेच्या कसोटीस उतरली म्हणजे ती न्याय्यतेच्याही कसोटीस उतरली, असे होत नाही, आणि ती दुसरी कसोटी लावणे हे संसदेचे काम आहे.

जोवर वाहिनीतून तेल वा वायू वाहतो, तोवर तिच्या धन्याने शेतकऱ्यास वार्षिक खंड द्यावा, आणि विहिरीची वा बागेची संधी जेव्हा प्रत्यक्ष बुडेल तेव्हा त्या हानीचे नव्याने मूल्यमापन व्हावे. त्यासाठी वाहिन्यांचे काम अडविण्याचे कारण नाही. मोबदल्याचे दहावे कलम तेवढे दुरुस्त केले पाहिजे.