शिक्कामोर्तब

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं घडलेला एक प्रसंग लहान असला, तरी वाचकांस सांगण्याजोगा आहे. आमचें बिऱ्हाड साताऱ्यास व धाकट्या बंधूंचें सांगलीस. आमच्या काकू, वय वर्षें ८१, सांगलीस असतात. दोन्ही घरांच्या सामाईक कामांसाठीं पुतण्यानें एक यांत्रिक कारभारी नेमून दिला आहे. हल्लीं ज्यास 'एआय एजंट' म्हणतात तो हाच. विजेचें बिल, वाणसामानाची यादी, काकूंचीं औषधें हीं कामें तो आपण होऊन चालवितो. मात्र पैसे देण्याची वेळ आली, कीं थांबतो व घरच्या माणसाची संमति मागतो.

काकूंच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची मागणी अशीच तयार होऊन थांबली. आम्हांस वाटलें, सांगलीकर पाहतील. बंधूंस वाटलें, वडील भाऊ पाहतच आहेत. असे नऊ दिवस गेले. कोणास त्रास नको म्हणून काकूंनीं एका गोळीचे दोन तुकडे करून दिवस काढले, आणि दहाव्या दिवशीं पहाटे न्हाणीघराच्या उंबऱ्यावर त्यांस घेरी आली. हाड मोडलें नाहीं, हें नशीब.

औषध त्याच दिवशीं कोपऱ्यावरच्या दुकानांतून आणलें. पुतण्या म्हणाला, "काका, संमतीची अटच काढून टाकूं या." आम्ही होकार देण्याच्या बेतांत होतों, परंतु तत्पूर्वीं थांबलेली ती मागणी एकदां वाचून पाहिली. गोळीचें नांव बरोबर होतें, पण ५ मिलिग्रॅमच्या ठिकाणीं १० होते! ऑनलाइन दुकानांत ५ ची गोळी शिल्लक नव्हती, म्हणून त्याच नांवाची जी मिळाली ती कारभाऱ्यानें घेतली होती. पहिल्याच दिवशीं आम्हीं न वाचतां बोट टेकविलें असतें, तर काकूंच्या पोटांत दुप्पट औषध गेलें असतें. न पाहणें हा जसा दोष, तसाच पाहिल्यासारखें करणें हाही दोषच.

ज्या मुलखांत आपण राहतों, तेथें ही गोष्ट नवी नव्हे. मराठी दप्तरांत कारकून मसुदा लिहीत, तो तपासला जाई, आणि अखेरीस मोर्तब होई. पेशव्यांच्या पत्राखालीं 'लेखनसीमा' ही मुद्रा उठे, ती याचसाठीं, कीं तिच्याखालीं कोणी एक अक्षरही वाढवूं नये. इ. स. १७७३ मध्यें नारायणराव पेशव्यांचा वध झाला, तेव्हां आज्ञापत्रांतील 'धरावें' चें 'मारावें' झालें, अशी आख्यायिका आहे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्या वधाचा दोष राघोबादादांच्या पदरीं घातला. आख्यायिकेचें ऐतिहासिक मूल्य कांहींही असो. जें संमत केलें तेंच घडलें का, हें पाहणें संमति देण्याइतकेंच महत्त्वाचें, हा तिचा बोध खरा आहे.

उलटपक्षीं, उशिराची किंमत कृष्णाकांठच्या लोकांस सांगावयास नको. २०१९ च्या ऑगस्टमध्यें सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी ४५ फुटांची धोक्याची रेषा ओलांडून सुमारें ५७ फुटांवर गेलें. पाण्याची उंची यंत्र मोजील, सूचनाही पाठवील; परंतु ती वाचून गुरें सोडावयास व म्हाताऱ्यांस हलवावयास माणूसच उठला पाहिजे.

युरोपीय संघानें २०२४ मध्यें केलेल्या कायद्यांतही, जेथें धोका मोठा, तेथें अशा यंत्रांवर माणसाची देखरेख असलीच पाहिजे, असें म्हटलें आहे. शिवाय यंत्राच्या उत्तरावर आंधळेपणानें विसंबण्याच्या प्रवृत्तीविषयीं देखरेख करणाऱ्यानें सावध राहावें, असेंही त्यांत सांगितलें आहे.

आमच्या घरीं आतां असा नेम ठरला आहे. प्रत्येक कामास संमति देणारा एकच, व त्याचें नांव ठरलेलें. तो परगांवीं गेल्यास दुसरा कोण, हेंही ठरलेलें. जें चुकल्यास परत फिरवितां येतें, जसें वाणसामानाची यादी, तें कारभाऱ्यानें न विचारतां करावें. औषध, पैसा, आणि घराबाहेर जाणारें पत्र यांसाठीं त्यानें थांबलेंच पाहिजे. रोज दिवेलागणीनंतर थांबलेल्या कामांची यादी उघडावी. नांव, प्रमाण, रक्कम व कोणास, हीं चार कलमें मोठ्यानें वाचावीं, आणि मगच होकार द्यावा. काम पुरें झाल्यावर आलेली वस्तु त्या यादीशीं ताडून पाहावी.

सांगलीस तें वाचन आतां काकूंसमोर होतें. औषधाचें प्रमाण त्यांस तोंडपाठ आहे, हें आम्हां कोणास ठाऊकच नव्हतें. त्यांना आजवर कोणीं विचारलेंच नव्हतें. ज्या वाचकांच्या घरीं असा कारभारी आला असेल, त्यांनीं आजच ती यादी उघडावी, आणि ज्याच्यासाठीं काम चाललें आहे त्यास जवळ बसवून ती वाचावी.