फरशीचा हिशेब

परभणी जिल्ह्यातील जुन्या घरांना व दुकानांना शहाबादी फरशीचा परिचय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. शहाबाद हे गुलबर्गा, म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यातले. 1956 पूर्वी तो जिल्हा आणि परभणी एकाच हैदराबाद राज्यात होते. आज ताडकळससारख्या गावीही शहाबादीच्या जोडीला मोरबीच्या टाइल्सचा पर्याय उभा आहे. निवड वाढली, तशी चुकण्याची शक्यताही वाढली. सिमेंट-लोखंडाचा भाव चार ठिकाणी विचारणारे कुटुंब फरशी मात्र केवळ चकाकी पाहून पसंत करते.

मुख्य भेद पाणी शोषण्याचा आहे. भिंतीची सिरॅमिक टाइल वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक पाणी शोषते; पोर्सिलेन, म्हणजेच व्हिट्रिफाइड टाइल, अर्ध्या टक्क्याहून अधिक नाही. म्हणून पहिली भिंतीला, दुसरी जमिनीला. शहाबादी, कोटा व संगमरवर हे चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच किंवा संडास धुण्याचे आम्ल सांडल्यास त्यांचे तेज जाते. स्वयंपाकाच्या ओट्याला ग्रॅनाइटच बरा. पोती ओढली जातात त्या दुकानात जाड कोटा किंवा शहाबादी टिकते. झिजली तरी तिला पुन्हा पॉलिश करता येते. न्हाणीघरात व जिन्यावर गुळगुळीत टाइल नसावी. वृद्ध माणूस घसरून खुब्याचे हाड मोडले, तर फरशीत वाचलेल्या रकमेचे मोल ते काय?

खरा प्रश्न फरशीच्या खाली असतो. या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट बसवलेली महागडी टाइलही कालांतराने खचते वा तडकते. जोत्यातील काळी माती काढून मुरूम थराथराने भरावा, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकावा आणि त्यावर काँक्रीट करावे. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नसल्याने नुसत्या सिमेंटला नीट धरत नाही. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्ह वापरावे. दोन टाइल्समध्ये 2 ते 3 मिलिमीटर सांधा ठेवावा. जागाच नसेल तर उन्हाने प्रसरण पावलेल्या टाइल्स एकमेकींना रेटून उचलल्या जातात. काम संपल्यावर प्रत्येक टाइल नाण्याने ठोकून पाहावी. पोकळ आवाज येणारी टाइल गवंड्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वीच बदलून घ्यावी.

खरेदीचे गणितही सोपे आहे. 12 बाय 15 फुटांच्या खोलीचे क्षेत्र 180 चौरस फूट; कापणी व तूटफूट यांसाठी 10 टक्के धरले की 198. दोन बाय दोन फुटांच्या चार टाइल्सचा बॉक्स 16 चौरस फुटांचा, म्हणजे 13 बॉक्स. सर्व बॉक्सांवरील बॅच व शेड क्रमांक एकच असल्याची खात्री माल उतरवून घेतानाच करावी. उरलेल्या टाइल्स पावतीसह जपून ठेवाव्यात. पुढे एखादी फुटली, तर बाजारात नेमकी तीच छटा मिळणे दुरापास्त असते.