आधी प्लॉट बघा, मग अर्ज भरा

कृषी पदव्युत्तर प्रवेशाचा हंगाम आला की पदवीधर मुलांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : एम.एस्सी.साठी राहुरी बरं, अकोला, परभणी की दापोली? प्रश्न रास्त आहे. पण तो ज्या निकषांवर सोडवला जातो, ते ऐकून संताप येतो. मेस कुठली बरी, पुण्याला रात्रीची गाडी कुठून मिळते, अभ्यासिका रात्री किती वाजेपर्यंत उघडी असते, कुठला गाईड हजेरीसाठी मागे लागत नाही. दोन वर्षं ज्या मातीत काढायची ती माती काळी की जांभ्याची, प्रक्षेत्राला पाणी कुठून येतं, गाईडने मागच्या पाच वर्षांत कुठल्या पिकावर काम केलं, हे कोणी विचारत नाही. कृषिविद्येसारखा विषय, म्हणजे पीक उभं करण्याचं शास्त्र शिकायला निघालेली मुलं पीक सोडून सगळं बघतात.

महाराष्ट्राला एक सोडून चार कृषी विद्यापीठं कशाला लागली, याचा तरी विचार करा. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. अकोल्याच्या विद्यापीठासाठी १९६७ साली विदर्भात आंदोलन पेटलं, त्यात माणसं गेली. मागणी होती आमच्या मातीचं, आमच्या पावसाचं, आमच्या कापसाचं उत्तर शोधणाऱ्या संस्थेची. दापोलीत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, माती आम्ल आहे, पिकं भात, आंबा, काजू. परभणीला खोल काळी जमीन, सोयाबीन आणि कापूस, आणि ऐन फुलोऱ्यात पावसाने दिलेला खंड. लातूरच्या मुलाला घरची सोयाबीन सुधारायची आहे आणि तो केवळ यादीत नंबर लागला म्हणून दापोलीत भातावर प्रबंध लिहितो. तिकडे सिंधुदुर्गातली, काजूच्या बागेत वाढलेली मुलगी अकोल्यात कपाशीच्या खतमात्रा मोजत बसते. दोघांच्याही हाती पदवी पडते. दोघांचंही शिक्षण वाया जातं आणि त्यांच्यासाठी झालेला जनतेचा खर्चही.

यातली सर्वांत मोठी फसवणूक स्पर्धा परीक्षेची आहे. लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेला पदवी पुरते, तिथे एम.एस्सी.ची अट नाही. तरीही शेकडो मुलं एम.एस्सी.ला प्रवेश घेतात तो वसतिगृहाची खोली, स्वस्त मेस आणि अभ्यासिकेतलं टेबल यांसाठी. परीक्षा द्यायला माझी हरकत नाही. घरची कोरडवाहू शेती पोट भरत नाही तेव्हा सरकारी नोकरीची ओढ कुणालाही लागणारच. पण त्यासाठी संशोधनाची जागा अडवू नका. तुमच्या नावावर प्लॉट असतो, मजुरांचे दिवस असतात, बियाणं असतं, माती-परीक्षणाचा खर्च असतो. तुम्ही अभ्यासिकेत राज्यघटना पाठ करता आणि प्लॉटवर केणा माजतो. मग निरीक्षणं कुठून येतात? खोलीत बसून वहीत लिहिली जातात.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एकाच मार्गदर्शकाच्या दोन विद्यार्थ्यांचे, लागोपाठच्या वर्षांचे प्रबंध मी शेजारी ठेवून वाचले आहेत. प्लॉट वेगळा, वर्ष वेगळं, आणि पेरणीपूर्व माती-परीक्षणाचा तक्ता मात्र तोच. सामू दशांशापर्यंत तोच, सेंद्रिय कर्ब तोच, उपलब्ध नत्र, स्फुरद, पालाश किलोपर्यंत तेच. त्यातल्या एका प्रबंधात तीस, साठ आणि नव्वद दिवसांची झाडांची उंची इतकी शिस्तीत वाढलेली की त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाऊस ओढला होता हे त्या आकड्यांना ठाऊकच नव्हतं. त्याच प्रबंधाच्या परिशिष्टात हवामान आठवड्यांचा पर्जन्य तक्ता होता आणि त्यात सलग कोरडे आठवडे छापलेले होते. मार्गदर्शकाने सही केली, परीक्षकाने सही केली, तोंडी परीक्षा झाली, पेढे वाटले. त्या प्रबंधातली शिफारस उद्या कोणी शेतकऱ्यापर्यंत नेली तर नुकसान सोसणार तो.

म्हणून सांगतो, विद्यापीठाची निवड कागदावर होत नाही. शेतकरी बैल घेताना बाजारात चार पावलं चालवून बघतो. तुम्ही आयुष्याची दोन वर्षं देताना प्रक्षेत्राच्या बांधावरही जात नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना सप्टेंबरमध्ये जा, खरीप उभं असतं तेव्हा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्लॉट दाखवा म्हणा. बघा, प्रत्येक प्लॉटला पाटी आहे का, ती यंदाची आहे का. निरीक्षणासाठी निवडलेल्या झाडांना खुणेच्या चिठ्ठ्या बांधल्यात का. कडेच्या ओळी सोडून निव्वळ क्षेत्र आखलंय का. तणनियंत्रण हा प्रयोगाचा विषय नसताना प्लॉटमध्ये गुडघाभर तण असेल तर पाय मागे घ्या. आणि प्राध्यापकांच्या केबिनमध्ये जाण्याआधी प्रक्षेत्रावरच्या मुकादमाशी बोला. कुठले सर पेरणीला स्वतः उभे असतात आणि कुठले थेट काढणीच्या फोटोला येतात, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

जाणं जमत नसेल तरी सबब नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या व्यवस्थेतलं कृषिकोश हे भांडार आहे, त्यात देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे प्रबंध वाचायला मिळतात. ज्यांच्या हाताखाली जायचं त्यांच्या विद्यार्थ्यांचे चार प्रबंध काढा. साहित्य व पद्धती हे प्रकरण वाचा. दरवर्षी शिफारशीच्या खतमात्रेचे पंच्याहत्तर, शंभर, सव्वाशे टक्के आणि पेरणीचं अंतर, फक्त पीक बदललेलं, असं दिसलं तर समजा, हा माणूस प्रश्न विचारायचा थांबला आहे. याउलट कोणी रुंद वरंबा सरीवरचं सोयाबीन दोन-तीन विद्यार्थ्यांकडून वेगवेगळ्या हंगामांत तपासून घेतलं असेल, एकाचा निष्कर्ष दुसऱ्याने खोडला असेल आणि तेही छापलं असेल, तर त्या माणसासाठी गाव सोडा. विद्यापीठ कुठलं ते दुय्यम.

एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत २०२३ पासून शेतीचा वेगळा गट आला आणि मुलांना नवं खूळ मिळालं. दिल्लीची पुसा संस्था त्यात पहिली आली, आणि ती मोठी आहेच. लुधियानाचं कृषी विद्यापीठही मोठं आहे. पण भात-गव्हाच्या, पाण्याने भरलेल्या पंजाबी शेतीचं व्यवस्थापन शिकून माण तालुक्यातल्या मुरमाड रानात काय करणार, हा प्रश्न क्रमवारी सोडवत नाही. महाराष्ट्रातली बहुतेक शेती आजही पावसावर आहे. सोलापुरात कोरडवाहू संशोधन १९३३ पासून चालू आहे, मोहोळची मालदांडी ज्वारी आजही पेरली जाते. सोलापूरचं हे संशोधन केंद्र राहुरीच्या अखत्यारीत आहे, आणि राहुरीला प्रवेश घेणारी किती मुलं ‘मला सोलापूरच्या जमिनीवर प्रयोग करू द्या’ म्हणून अर्ज करतात? महाविद्यालयाच्या दारातला बागायती प्लॉट सोयीचा असतो. सोय बघूनच विषय ठरतो.

परदेशाचं वेड तर त्याहून महाग. सल्लागार म्हणवणारे दलाल ज्या संस्था कमिशन देतात त्यांचीच नावं पुढे करतात, आणि बाप सातबारा बँकेत ठेवून मोकळा होतो. अमेरिकेत संशोधनाच्या एम.एस.साठी प्राध्यापकाकडे प्रकल्पाचा निधी असेल तर असिस्टंटशिप मिळू शकते, बहुतेक ठिकाणी शिकवणी शुल्क सुटतं आणि महिन्याचा खर्चही निघतो. त्यासाठी त्या प्राध्यापकाचे शोधनिबंध वाचून, आपला प्रश्न काय आहे ते लिहून थेट पत्र पाठवावं लागतं. दलाल हे सांगत नाही, कारण यात त्याला काही मिळत नाही. स्वतःच्या पैशाने नुसत्या वर्गातल्या अभ्यासक्रमासाठी जमीन गहाण टाकणाऱ्या मुलाला मी स्पष्ट सांगतो : जाऊ नकोस.

आता विद्यापीठांकडे वळतो, कारण सगळा दोष विशी-बाविशीतल्या मुलांच्या माथी मारणं अन्याय होईल. मुलाने प्रवेश घ्यायचा, आणि मग विभागात ज्याच्याकडे जागा रिकामी त्याच्या गळ्यात त्याला बांधायचं, ही कुठली पद्धत? प्राध्यापकांच्या रिक्त पदांची ओरड वर्षानुवर्षं चालू आहे. कुठल्या विभागात आज प्रत्यक्षात किती मार्गदर्शक हजर आहेत, हे अर्ज भरणाऱ्याला आधी कळलंच पाहिजे. चारही विद्यापीठांचे शास्त्रज्ञ दरवर्षी संयुक्त संशोधन समितीच्या बैठकीला जमतात, वाण आणि शिफारशी मंजूर करतात. त्याच बैठकीत एक ठराव करा. पदव्युत्तर प्रवेशाच्या सामाईक परीक्षेचे अर्ज सुटण्याआधी प्रत्येक विभागाने मार्गदर्शकांची नावं, त्यांचं पीक, चालू प्रकल्प, उपलब्ध जागा आणि त्यांच्या मागच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध जाहीर करावेत. सप्टेंबरमध्ये एक दिवस पदव्युत्तर प्लॉट पदवीच्या मुलांना आणि त्यांच्या आईबापांना खुले ठेवावेत, सोबत ते प्रयोग करणारे विद्यार्थी उभे करावेत. माती-परीक्षणाचे मूळ अहवाल, प्रयोगशाळेच्या नोंद क्रमांकासह, प्रबंधाला जोडणं सक्तीचं करावं. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही की मंत्रालयातून निधी लागत नाही. तरीही ज्या विभागाला हे जाहीर करायला अडचण वाटेल, त्या विभागाची जागा मेरिटमध्ये मिळाली तरी घेऊ नका.