रोजकीर्द आणि खतावणी

दिवसाचा व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो, मग त्याची खतावणी होते, हे आपल्या वाचकांना सांगणे नको. मेंदूतील स्मृतीचे कामही बरेचसे असेच चालते. दोन्ही कानांच्या बाजूस, मेंदूत खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा एकेक लहानसा भाग असतो. त्यास हिप्पोकॅम्पस म्हणतात. नव्या घटनेची नोंद प्रथम येथे होते. कायमची खाती हळूहळू मेंदूच्या बाह्य आवरणात तयार होतात.

हे उमगले ते एका दुर्दैवी रुग्णामुळे. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाचे अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून शस्त्रक्रियेने हे दोन्ही भाग बव्हंशी काढण्यात आले. झटके कमी झाले. परंतु नवे काही ध्यानात राहीना. बालपण आठवे, बुद्धीही शाबूत होती. पण थोड्या वेळापूर्वी भेटलेली व्यक्ती पुन्हा अनोळखी होई. तरीही आरशात पाहून चांदणी गिरवण्याच्या सरावात त्याचा हात दिवसेंदिवस सुधारला. हाताचे कसब मेंदू निराळ्या वहीत लिहितो, हे ब्रेंडा मिल्नर यांनी त्यातून दाखविले.

अल्झायमर रोगात याच भागाची झीज लवकर सुरू होते. म्हणूनच ४० वर्षांपूर्वीची उधारी अचूक सांगणारे आजोबा सकाळचे जेवण विसरतात. जुनी खाती शाबूत असतात. आजचे पान तेवढे कोरे राहते. अशा वेळी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. मात्र तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी रागावू नये. त्यांच्या लेखी तो पहिलाच असतो.