कुत्रा चावला? मांत्रिक नको, लस मागा!

पुण्याच्या बुधवार पेठेत, भिडेवाड्यात १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. त्याच सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना गेल्या. त्यांचे नाव घेणाऱ्या आपल्या वस्त्यांतही कुत्रा चावला की जखमेत मिरची, चुना भरणारे आणि मांत्रिक गाठणारे आहेत. बांधवांनो, बुद्धाचा कार्यकारणभाव मानणाऱ्यांना हे शोभते काय?

रेबीजची लक्षणे दिसू लागली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. पण वेळीच उपचार झाले तर हा रोग टाळता येतो. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात लस घ्या, पुढचे डोस चुकवू नका. रक्त आले असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागते. पोटातली १४ इंजेक्शने केव्हाच बंद झाली. पाळलेल्या कुत्र्या-मांजरांना दरवर्षी लस टोचा. भटक्या कुत्र्यांना विष घालणे धम्मातही बसत नाही, कायद्यातही नाही. त्यांची नसबंदी आणि लसीकरण ही महापालिकेची जबाबदारी आहे.

पहाटे रस्ता झाडणारे, कचरा वेचणाऱ्या, फुटपाथवर झोपणारे यांनाच कुत्र्यांचा धोका जास्त. त्यांनाच ‘लस संपली, बाहेरून आणा’ असे ऐकवले जाते. सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा घटनेच्या कलम २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच बजावले आहे. म्हणून निमूट परत फिरू नका, नकार लेखी मागा. लस ही मेहेरबानी नव्हे, बाबासाहेबांच्या घटनेने दिलेला जगण्याचा हक्क आहे!