काळी शाई एक, पेने अनेक : दोष कोणाचा?

शाई आणि पेनांच्या धंद्यात एक तक्रार नेहमीची आहे. गिऱ्हाईक काळ्या शाईची बाटली घेऊन जाते आणि आठ दिवसांत परत येते. एकाचे म्हणणे असते की शाई पाण्यासारखी पातळ आहे, अक्षर राखाडी उमटते. दुसऱ्याचे म्हणणे असते की शाई इतकी दाट आहे की पेन मधेच थांबते. तिसऱ्याच्या सदऱ्याच्या खिशाला डाग पडलेला असतो. गंमत अशी की तिन्ही बाटल्या एकाच खोक्यातल्या असतात. दुकानदार मग कंपनीला दोष देतो, कंपनी पेनाला दोष देते आणि गिऱ्हाईक दोघांनाही सोडून बॉलपेन विकत घेते.

या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. बहुतेक वेळा दोष ना शाईचा असतो, ना पेनाचा. दोष असतो तो शाई आणि पेन यांची जोडी न पाहता माल विकण्याचा. ही जोडी जुळवून देणे हे दुकानदाराचे आणि पेन दुरुस्त करणाऱ्या कारागिराचे काम आहे. ते काम आपण सोडले तर या धंद्यात आपल्यासाठी फारसे काही उरणार नाही.

शाई, दौत, कलम हे शब्द मराठीत अरबी-फारसीतून आले. 'शाई' हा शब्द 'सियाही'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थच काळेपणा. पेनात शाई साठवण्याची कल्पनाही जुनी आहे. दहाव्या शतकातील फातिमी खलिफा अल-मुइज्ज याने दौतीत न बुडवता लिहिणारे, शाई पोटात ठेवणारे आणि उलटे धरले तरी न गळणारे पेन करवून घेतल्याचे वर्णन काझी अन-नुमान यांनी लिहून ठेवले आहे. त्या वर्णनातील एक बारकावा आमच्या व्यापारी बंधूंनी ध्यानात घेण्यासारखा आहे. कारागिराने आणलेल्या पहिल्या पेनातून शाई गरजेपेक्षा थोडी जास्त येत होती. खलिफाने त्यात सुधारणा करायला सांगितली, कारागिराने ती केली आणि मग पेन मनासारखे चालले. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही प्रश्न तोच होता आणि उत्तरही तेच होते. पेन शाईच्या ओघाला जुळवून घ्यावे लागते आणि ते जुळवतो कारागीर.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बाजारात सर्वांना ठाऊक असलेली पार्करची क्विंक काळी शाई उदाहरण म्हणून घेऊ. क्विंक ही शाई 1931 साली बाजारात आली. रोजच्या वापरातील बहुतेक काळ्या शायांप्रमाणे तीही पाण्यात विरघळणाऱ्या रंगांची आहे. हा काळा रंग एकट्या काळ्या पदार्थाचा नसतो, अनेक रंगांच्या मिश्रणातून तो तयार होतो. टीपकागदाच्या पट्टीवर एक ठिपका द्यावा आणि पट्टीचे खालचे टोक पाण्यात धरावे. पाणी वर चढते तसे काळ्यातून निळे आणि पिवळट-तपकिरी पट्टे वेगळे होतात. काही चित्रकार या गुणाचा मुद्दाम उपयोग करून घेतात. लिहिणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की कागदावर शाईचा थर जाड पडला तर अक्षर काळेभोर दिसते आणि थर पातळ पडला तर तेच अक्षर राखाडी दिसते. थर किती पडणार हे बाटली ठरवत नाही, पेन ठरवते.

पहिले उदाहरण एबोनाइटच्या, ड्रॉपरने भरायच्या पेनाचे. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनांमुळे हा प्रकार आपल्या देशात नावाजला. अशा पेनाच्या सबंध दांड्यात शाई भरलेली असते आणि निबखाली खाचांची पट्टी असते. तिला कोणी फीड म्हणते, कोणी जीभ. एबोनाइटची जीभ शाई चांगली धरून ठेवते, त्यामुळे ओघ भरपूर असतो. निब जाड असेल तर काळी शाई येथे आपले सारे तेज दाखवते. पण वाळायला वेळ लागतो आणि हलक्या कागदावर शाई फुटते. शिवाय दांड्यातील शाई अर्ध्याच्या खाली गेली की रिकाम्या जागी हवा साठते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. मग कागदावर टपकन ठिपका पडतो. उन्हाळ्यात हा त्रास अधिक होतो. यात शाईचा काही गुन्हा नाही. पेन अगदी तळाला जाऊ न देता भरावे आणि आट्यांना थोडे सिलिकॉन ग्रीस लावावे, एवढे दोन शब्द विकताना सांगितले तर गिऱ्हाइकाचा सदरा वाचतो.

दुसरे उदाहरण झाकलेल्या निबच्या पेनाचे. शांघायच्या हीरो कारखान्याचे 616 हे पेन त्यातले. निबचे फक्त टोक बाहेर असते, बाकी सारे आवरणाखाली असते. त्यामुळे निबवर हवा कमी खेळते, शाई लवकर सुकत नाही आणि टोपण काढले की पेन लगेच लिहू लागते. हिशेबाच्या वह्या आणि बिले लिहिणाऱ्याला हे सोयीचे आहे. पण रेघ बारीक पडते. बारीक रेघेत शाईचा थर पातळ, म्हणून काळ्याचा राखाडी होतो. 'शाई पातळ आहे' ही तक्रार अनेकदा अशाच बारीक निबच्या पेनावरची असते. दुसरे असे की या पेनाचे निब सहज बाहेर काढून धुता येत नाही. आत सुकलेली काळी शाई पुन्हा पुन्हा स्वच्छ पाणी ओढून सोडूनच काढावी लागते. निळी शाई झटकन निघते. काळीत रंगाचे प्रमाण सहसा जास्त असते, म्हणून ती चिवट ठरते.

तिसरे उदाहरण प्लास्टिकच्या जिभेच्या आणि कन्व्हर्टर किंवा काड्रिजवर चालणाऱ्या नव्या पेनाचे. येथे तक्रार उलटी असते. कन्व्हर्टर भरलेला दिसतो, तरीही पेन दोन ओळींनंतर कोरडे पडते. कारण अनेकदा साधे असते. नव्या पेनात कारखान्यातील तेलकटपणा राहिलेला असतो, किंवा शाई कन्व्हर्टरच्या मागच्या टोकाला चिकटून बसते आणि पुढे सरकत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून पेन एकदा धुवावे, नंतर साध्या पाण्याने साबण पूर्ण काढावा. पुष्कळ पेने एवढ्यानेच मार्गावर येतात. पाणी कढत मात्र नको. एबोनाइटच्या पेनाला तर नकोच नको, त्याने रंग उडतो.

चौथे उदाहरण तिरप्या किंवा चपट्या कापलेल्या निबचे. लग्नपत्रिका, फलक, प्रशस्तिपत्रे लिहिणारे कातिब आणि सुलेखनकार ती वापरतात. येथे रेघ रुंद असते, म्हणून ओघ भरपूर लागतो. तो कमी पडला की रेघेच्या दोन कडा काळ्या आणि मधली जागा कोरी राहते. आणखी एक गोष्ट. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षराच्या बाजूला असतो. शाई सावकाश वाळणारी असेल तर अक्षर पुसले जाण्याची भीती मराठी लिहिणाऱ्यापेक्षा त्याला अधिक. अशा गिऱ्हाइकाला शाईबरोबर टीपकागद आणि बेताचा शोषक कागद सुचवणे हे दुकानदाराचे कर्तव्यच आहे.

शाई आणि पेन ही जोडी आहे हे मोठ्या कंपन्यांनाही मान्य करावे लागले आहे. पार्करने 1941 साली '51' नावाचे पेन आणले आणि त्याच्यासाठी झटपट वाळणारी खास शाई काढली. ही शाई इतकी तीव्र होती की इतर पेनांच्या भागांना तिने अपाय होई. म्हणून ती फक्त '51' पेनातच वापरावी अशी सूचना बाटलीवरच छापावी लागली. ज्याने पेन आणि शाई दोन्ही बनवली तोच असे म्हणतो, तर 'कोणत्याही पेनात कोणतीही शाई चालते' असे आपण कोणत्या आधारावर सांगतो?

याहून गंभीर चूक दुसरी आहे. 'काळी शाई' या एका नावाखाली बाजारात चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक, वर सांगितलेली विरघळणाऱ्या रंगांची. दुसरी, मायफळ आणि हिराकस यांच्या जातीची. ती फिकी उमटते, हवेने काळी होते आणि पाण्याला दाद देत नाही. पण ती आम्लधर्मी असते, हलक्या पोलादी निबला गंज चढवू शकते, म्हणून पेन वरचेवर धुवावे लागते. तिसरी, फाउंटन पेनासाठीच बनवलेली, अतिशय बारीक काजळीच्या कणांची. जपानच्या प्लॅटिनम आणि सेलर कंपन्यांच्या अशा शाया प्रसिद्ध आहेत. ती पाण्याने जात नाही आणि उन्हाने उडत नाही, परंतु पेन महिनाभर बंद ठेवले तर आत घट्ट बसते. चौथी, चित्रकामाची जलरोधक इंडिया इंक. तिच्यात लाखेसारखा बांधणारा पदार्थ असतो. ती टाकाने लिहिण्यासाठी उत्तम, पण फाउंटन पेनात एकदा वाळली की पेन संपलेच म्हणायचे. पेनासाठी काळी शाई मागणाऱ्याच्या हातात ही चौथी बाटली देणे म्हणजे शे-दोनशे रुपयांच्या विक्रीसाठी त्याचे हजाराचे पेन बुडवणे होय. हा व्यापार नव्हे.

आमचे बहुसंख्य वाचक स्वतः व्यापारी आहेत. म्हणून त्यांच्या दप्तराविषयीही दोन शब्द. रोजचा हिशेब साध्या काळ्या शाईने लिहायला हरकत नाही. पण भागीदारीचा करार, पावती, उसनवारीची चिठ्ठी ही कागदपत्रे वर्षानुवर्षे टिकावी लागतात. पावसाळ्यात कपाटात ओल आली तर विरघळणारी शाई पसरते. शिवाय ती पाण्याने पुसून मजकूर बदलणे कुणालाही सोपे जाते. अशा कागदांना पाण्याने न जाणारी शाईच हवी. चेकचेही तेच. चेक आता प्रत्यक्ष बँकेतून बँकेत फिरत नाही, त्याची प्रतिमा पाठवली जाते. म्हणून अक्षर गडद आणि स्पष्ट असले पाहिजे, बारीक निबचे राखाडी अक्षर येथे कामाचे नाही. काळ्या शाईने लिहिलेल्या चेकवर रिझर्व्ह बँकेने बंदी घातल्याची अफवा जानेवारी 2025 मध्ये पसरली होती. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने ती खोटी असल्याचे जाहीर केले. शाईचा असा एखादा रंग बँकेने ठरवून दिलेला नाही. आपल्या दुकानात कुणी ही अफवा सांगितली तर तिथल्या तिथे खोडून काढावी.

आता करायचे काय? आमच्या सूचना साध्या आहेत आणि त्यांना भांडवल लागत नाही.

दुकानदाराने काऊंटरवर एक वही ठेवावी. तीन-चार वेगवेगळी पेने घेऊन एकाच काळ्या शाईने एकेक ओळ लिहावी आणि प्रत्येक ओळीपुढे पेनाचा प्रकार, निबची जाडी आणि वाळायला लागलेला वेळ लिहावा. एक दिवसानंतर प्रत्येक ओळीवर पाण्याचा थेंब टाकावा आणि काय उरते ते तसेच राहू द्यावे. ही वही गिऱ्हाइकापुढे उघडली की वाद संपतो. शक्य असेल तर त्याला स्वतःच्या पेनाने आणि स्वतःच्या कागदावर लिहून पाहू द्यावे. बाटली पुढे करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : पेन कोणते, कागद कोणता, काम कोणते?

पेन दुरुस्त करणाऱ्या कारागीर बंधूंना आमचे सांगणे वेगळे आहे. निबच्या दोन पाकळ्यांमधील फट केसभर कमी-जास्त करणे, जीभ निबला नीट चिकटवून बसवणे, आतली सुकी शाई काढणे ही विद्या आहे. भिंगातून पाहून पाच मिनिटांत तुम्ही जे करता ते शिकायला वर्षे लागलेली असतात. ते काम 'असू द्या, राहू द्या' म्हणून फुकट करू नका आणि अव्वाच्या सव्वा पैसेही मागू नका. दर ठरवा, तो लिहून लावा आणि काम केल्यावर गिऱ्हाइकाकडून चार ओळी लिहून घ्या. फुकटच्या कामाला किंमत नसते आणि किंमत नसलेली विद्या मुले शिकत नाहीत.

कुणी म्हणेल, आज फाउंटन पेन वापरतो कोण? वापरणारे कमी झाले हे खरे. पण जे उरले आहेत ते आवडीने वापरतात, चांगल्या पेनाला पैसे मोजतात आणि सल्ला विचारतात. पेन आणि शाई त्यांना घरबसल्या मागवता येते, कदाचित आपल्यापेक्षा स्वस्तही मिळते. दरात आपण त्यांना धरून ठेवू शकणार नाही. पण घरपोच आलेले खोके त्यांची निब पाहून सांगत नाही की या पेनाला ही काळी शाई मानवणार नाही. ते सांगणारा माणूस काऊंटरमागे बसलेला असतो. त्याने ते सांगितले, प्रसंगी एक बाटली कमी विकून सांगितले, तर ते गिऱ्हाईक पुढची दहा वर्षे त्याचेच राहील. आमच्या मते या धंद्याचे खरे भांडवल हेच आहे.