ट्रकचे ऑइल कारमध्ये ओतण्याआधी



ज्या ऑइलवर ट्रक लाखो किलोमीटर धावतात ते कारला का चालू नये, हा भिवंडीच्या एका पत्रलेखकाचा सवाल वरवर रास्त वाटतो. मानकोली-अंजूरफाट्याला ट्रकच्या ऑइलची बादली सहज मिळते, स्वस्तही पडते. जुन्या, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेल्या डिझेल गाडीच्या मॅन्युअलमध्ये १५डब्ल्यू-४० दिले असेल तर खुशाल वापरा.

पण एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल कारचे काय? त्यांच्या डीपीएफमध्ये अडकलेली काजळी जळून जाते. ऑइलमधल्या धातुयुक्त रसायनांची राख जळत नाही, ती आत साचतच जाते. म्हणून कारच्या एसीईए सी३ मानकाच्या ऑइलमध्ये राखेला ०.८ टक्क्यांची मर्यादा आहे. ट्रकच्या सीके-४ मानकात ती १ टक्का आहे. बादलीवर नुसते सीआय-४ प्लस असेल, तर त्या मानकात अशी मर्यादाच नाही! डीपीएफ चोंदला की ऑइलमध्ये वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट खर्च येतो.

पेट्रोलवाल्यांनी तर या वाटेला जाऊच नये. ०डब्ल्यू-२० मागणाऱ्या इंजिनात ट्रकचे जाड ऑइल घातले की ॲव्हरेज घटते.

भिवंडीतल्या विक्रेत्यांना एकच विनंती : कारवाला आला, तर बादली उघडण्याआधी गाडीचे मॉडेल आणि साल विचारा.

– एक कारमालक, भिवंडी